पुठ्ठ्याचा भोंगा

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. आमच्या घरात हा विषय सहसा निघत नाही. घाबरलेलं कुणी नाही, पण आई हात जोडते आणि म्हणते, सुखरूप आलात ना, मग झालं.

माझा धंदा व्हिडिओ शूटिंगचा. धाकट्या बहिणीला आम्ही चिमणी म्हणतो. तिचं ऑफिस बंद पडलं, ती घरी बसली आणि एका व्हिडिओ गेमच्या नादी लागली. ‘बंद शहर’ नावाचा गेम. त्यात एक शहर आहे, तिथे माणसांना घरात कोंडून ठेवलंय आणि चौकाचौकात भोंगे लावलेत. भोंग्यातून एक बाई शांतपणे सांगत असते, “नागरिकहो, आपापल्या खोलीत थांबा. दार उघडू नका.” खेळणाऱ्यानं पळून जायचं आणि शेवटी मुख्य भोंगा फोडायचा. बाई कोण, ते शेवटपर्यंत कळत नाही.

ते कळत नाही म्हणून तर जगभरातले खेळणारे अंदाज लढवत बसलेले. कुणी म्हणे ती यंत्र आहे, कुणी म्हणे हुकूमशहाची बायको. चिमणीचं म्हणणं सगळ्यांपेक्षा वेगळं होतं. “दादा, ती कोंडत नाही रे. बाहेर काहीतरी फिरतंय. ती वाचवतेय लोकांना.” तिनं हे नेटवर लिहिलं तेव्हा लोकांनी तिची इतकी टर उडवली की ती दोन दिवस धड जेवली नाही. मग तिनं ठरवलं, आपणच एक छोटी फिल्म काढायची आणि दाखवून द्यायचं. कित्येक महिन्यांत ती पहिल्यांदा घराबाहेर पडायला तयार झाली होती. मी नाही कसा म्हणणार?

मामांच्या ओळखीनं एका शीतगृहातली जुनी खोली मिळाली. बाकीचं शीतगृह चालू होतं, ही मागची खोली तेवढी वापरात नव्हती. आम्ही तिघं गेलो. मी, चिमणी आणि तिची मैत्रीण टाचणी. टाचणी शिवणकाम करते, म्हणून हे नाव. फिल्मचे कपडे तिनं शिवले होते आणि भोंगाही तिनंच केला होता. पुठ्ठा वळवायचा, आत रद्दी कोंबायची, वरून चंदेरी रंग. आवाज नंतर घरी भरायचा होता.

दुपारची वेळ. वॉचमन काकांनी लांबलचक पॅसेजमधून आम्हाला मागे नेलं, खोली उघडून दिली आणि म्हणाले, “साहेब, मी गेटवर आहे.” आत एकही खिडकी नव्हती. भिंती वीतभर जाड. जुन्या गोणपाटाचा आणि कधीकाळी सडलेल्या बटाट्यांचा वास. भोंगा आम्ही छताच्या हुकाला टांगला, बाहेरच्या मशीनची घरघर नको म्हणून दार ओढून घेतलं आणि बॅटरीचा दिवा लावून काम सुरू केलं.

थोड्या वेळानं दिवा मंद झाला. मग विझला.

असा अंधार मी आधी पाहिला नव्हता. डोळे उघडे काय न् मिटलेले काय, सारखंच. मोबाइल हाती लागेना, म्हणून चाचपडत मी दाराकडे वळलो. तेवढ्यात वरून, भोंग्याच्या बाजूनं, बाईचा आवाज आला.

“दार उघडू नका.”

मला हसू आलं. “चिमणे, पुरे.”

“दादा...” ती अगदी माझ्या कोपराजवळ होती. “मी नाही बोलले.”

टाचणीनं माझा शर्ट धरला. मग नाकात काहीतरी चुरचुरलं. उग्र, सुई टोचल्यासारखा वास. दाराखालच्या फटीतून येत होता. डोळ्यांना पाणी सुटलं.

आणि दारावर थाप पडली.

“भाऊ, मी आहे. दार उघडा.” वॉचमन काकांचाच आवाज. माझा जीव भांड्यात पडला. हँडलला हात घातला, तोच चिमणीनं माझं मनगट घट्ट पकडलं.

“काका तुला साहेब म्हणतात,” ती कुजबुजली. “आणि दादा... थाप कुठून येतेय बघ.”

मी कान दिला. थाप गुडघ्याच्याही खालून येत होती. जवळजवळ जमिनीपासून.

“भाऊ, उघडा. घाई करा.” आवाजात घाई मात्र अजिबात नव्हती. आणि त्या वासात माणूस खोकल्याशिवाय राहील कसा?

वरून बाई पुन्हा बोलली. झोपेत दचकलेल्या लेकराला आईनं थोपटावं, तसा आवाज. “ओढणी ओली करा. फटीत भरा. दुसरा कपडा ओला करून नाकाला धरा. खाली बसा.”

आम्ही तसंच केलं. का केलं, विचारू नका. पाण्याच्या बाटल्या ओढणीवर, फिल्मच्या कपड्यांवर रिकाम्या केल्या, हाताला जाणवेल तेवढी फट बुजवली आणि लांबच्या कोपऱ्यात एकमेकांना चिकटून बसलो. दाराच्या पलीकडे कुणीतरी नखं ओढत होतं, सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मध्येच माझ्या आवाजात हाक आली, “चिमणे...” मी तर तिच्या शेजारी बसलो होतो. तिनं माझ्या खांद्यात तोंड लपवलं.

“ऐकू नका,” बाई म्हणाली. “लोक येताहेत.”

किती वेळ गेला, कोण जाणे. मग सायरन, पाण्याचा मारा, माणसांची पळापळ. दार बाहेरून उघडलं आणि मुखवटे घातलेल्या अग्निशमनच्या जवानांनी आम्हाला उचलून उन्हात आणलं.

ते ऊन मी जन्मात विसरणार नाही. आम्ही गवतावर पालथे पडून खोकत होतो, ओकत होतो आणि मधूनच हसत होतो. वॉचमन काका हमसून रडत होते. ते चहाला गेले होते, पॅसेजकडे फिरकलेही नव्हते. शीतगृह थंड ठेवणाऱ्या अमोनिया गॅसचा पाइप पॅसेजमध्ये, आमच्या दारासमोरच फुटला होता. “दार उघडलं असतंत तर संपलंच होतं,” अधिकारी म्हणाले. टाचणीनं नाक पुसलं आणि म्हणाली, “माझी ओढणी नवी होती हो.” यावर चिमणी इतकी हसली, की कित्येक महिन्यांत मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं.

घरी आईनं आधी आम्हाला झापलं, मग पोटाशी धरलं, मग पुन्हा झापलं. त्या रात्री चिमणी पोटभर जेवली. मी दारात उभा राहून ती झोपलेली पाहिली आणि बाबा गेल्यापासून पहिल्यांदा मला देवाचे आभार मानावेसे वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते अधिकारी जबाब घ्यायला आले. चांगला माणूस, आईच्या हातचा चहा घेतला. लिहून झाल्यावर म्हणाले, “फोन करणाऱ्या बाईंची सही राहिलीय. त्यांना बोलवा.”

“कोण बाई?” मी विचारलं.

“तुमच्याबरोबर होत्या ना? कंट्रोल रूमला त्यांचाच फोन आला. तिघं आत आहेत, मी त्यांना खाली बसवलंय, म्हणाल्या.”

त्या जाड भिंतींमध्ये मोबाइलला रेंज नव्हती. मी तसं सांगितलं. त्यांचा पेन हातातच राहिला.

चिमणीनं हळूच विचारलं, “आणखी काही म्हणाल्या का त्या?”

“म्हणाल्या, पॅसेजमध्ये कुणी भेटलं तर थांबू नका. हाक मारली तरी ओ देऊ नका.”

“मग... भेटलं का कुणी?”

अधिकाऱ्यांनी कप खाली ठेवला. चहा अर्धा तसाच होता. कागद गोळा केले, आईला नमस्कार केला आणि आमच्याकडे न बघता ते जिना उतरून गेले.