पेट्याचा मानकरी

चूक शिवाची नावाच्या काकाची, शिवाचीकाकाची होती. नंतर गावच्या म्हाताऱ्यांनी ती मुंगसावर ढकलली, त्याच्या पुतणीने, खायेसीने, शाळा सोडली त्यावरसुद्धा ढकलून पाहिली. पण चूक शिवाचीकाकाचीच.

खायेसीचे आजोबा, म्हणजे काकाचे वडील, गेल्यावर त्यांचे कपडे रीतीप्रमाणे नातलगांत वाटले. तपकिरी कोट आजोबांच्या भाच्याच्या, नदीपलीकडच्या मुसिंदीच्या वाट्याचा. वाटणीला शिवाचीकाका सगळ्यांच्या पुढे बसलेला, आणि कोट त्याच्याच खाटेखाली! "उंदरांनी खाल्ला असेल," म्हणाला. अंगात घालायची मात्र सोय नव्हती. अर्धं काकामेगा गाव तो कोट ओळखत होतं.

त्याच महिन्यात मुंगसाने खायेसीच्या पाच कोंबड्या नेल्या. पुतणीने खुराड्याला जाळी ठोकली, भोवती काटे रचले, दाराला दगड लावला. सहावीही गेली. तिचं स्वतःचं म्हणावं असं जगात ते खुराडंच होतं.

"मुंगूस माणसाच्या वासाला भितं," काका म्हणाला. परसात खांब रोवून त्याने त्यावर कोट अडकवला. घराच्या आडोशाला, रस्त्यावरून दिसणार नाही असा.

"हा तर उंदरांनी खाल्ला होता ना?" काकूने विचारलं.

"ओकले."

मुंगूस यायचं थांबलं. घारही परसाला वळसा घालून जाऊ लागली. दिवस मावळताना कोंबड्या खुराड्यात शिरायच्या, पण त्याआधी एकेक कोंबडी खांबापुढे थांबायची, मान वाकडी करून वर बघायची, मगच आत. परसात आजोबांच्या तंबाखूचा वास रेंगाळायचा. खायेसी खूश. राखणदार फुकटात मिळाला होता.

फुकटात नव्हता.

रविवारी पाहुण्यांसाठी कोंबडी कापली. पेटा, म्हणजे पोटात दाणे दळणारी ती चिवट गोळी, घरच्या कर्त्या पुरुषाचा. बाईने तो खाल्ला तर कर्त्याच्या तोंडावर थुंकल्यासारखं. काकाने ताट ढवळलं. पेटा नव्हता.

"कुणी गिळला?"

"कोंबडीतच नव्हता, काका."

"बिनपेट्याची कोंबडी? शाळेबरोबर अक्कलही सोडलीस वाटतं! पुढच्या रविवारी मी स्वतः कापतो. पेटा निघाला तर तू चोर, आणि खुराडं माझं."

पुढचा रविवार उजाडला. भर दुपारी, लख्ख उन्हात काकाने सगळ्यांदेखत कोंबडी कापली. कातडी धड. त्याने हात मनगटापर्यंत आत घातला. हृदय आलं, कलेजी आली. पेट्याच्या जागी बोटं नुसतीच फिरत राहिली... तिथं काही नव्हतं. आणि कधी काही असल्याची खूणही नव्हती.

तेवढ्यात परसातून आवाज आला. चावण्याचा. सावकाश, चिकाटीने, एका बाजूने.



"मामंजींना एकच दाढ उरली होती," काकू हळूच म्हणाली. "पेट्याला त्यांना नेहमीच वेळ लागायचा..."

खायेसीला भीती वाटली, आणि त्याहून जास्त हसू आलं. "काका, जा. चोराला पकडा."

काका गेला. उघडा अडकवलेला कोट आता गळ्यापर्यंत बटणं लावून उभा होता. त्याने बाहीला हात लावला आणि झटक्यात मागे घेतला.

"गरम आहे..."

"उन्हाने असेल," खायेसी म्हणाली.

"सावलीत आहे गं!"

मग सगळं बाहेर आलं, खाट, उंदीर, सगळं. त्याच संध्याकाळी म्हाताऱ्यांना जमवून मुसिंदीला बोलावलं. त्याने खांबापुढे टोपी काढली, पुन्हा घातली.

"मामा कामावर आहेत," तो म्हणाला. "मी कशाला उठवू? पण राबणाऱ्याचा वाटा त्याला आधी द्या. चोरून का खायला लावता?"

म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. आठवडाभर याच म्हाताऱ्यांनी खायेसीला चोर म्हटलं होतं. माफी एकानेही मागितली नाही.

आता कोंबडी कापली की पेटा जागेवर निघतो. खायेसी तो बशीत घालून खांबापाशी ठेवते. खुराड्यात चाळीस कोंबड्या आहेत, एक पिल्लू गेलेलं नाही. बशी सकाळी रिकामी मिळते, स्वच्छ धुतलेली, अजून ओली. आणि त्या पाण्याला खोल खणलेल्या मातीचा वास येतो. कोण धुतं, हे बघायला अजून कुणी बसलेलं नाही.

पाहुण्यांसमोर शिवाचीकाकाच्या ताटात हल्ली मान वाढतात, कोंबडीची. पेटा त्याला त्या घरात पुन्हा कधी मिळाला नाही.