सुभेदारांची मॉरिस

गाडी गरकन फिरली आणि थेट त्याच्याकडे तोंड करून उभी राहिली.

नोएडाकडे जाणारा नवा रस्ता, दुतर्फा अर्धेमुर्धे उभे टॉवर, दसऱ्यानंतरचं मऊ ऊन, हवेत सातवीणीच्या फुलांचा घमघमणारा वास... क्षिप्राला नंतर एवढंच आठवायचं. आणि तो. नव्या फ्लॅटची जाहिरात वाचता वाचता, हातातला शेंगांचा पुडा तसाच धरून धावत आलेला.

"चोट तो नहीं लगी?"

"अगं क्षिप्रा, ब्रेक जरासाच दाबला गं मी..." शेजारी तिचे बाबा, मारुतराव, स्टिअरिंग धरून पुटपुटत होते.

"काका, आधी खाली उतरा," तो पटकन मराठीत म्हणाला. "ब्रेकचं नंतर बघू."

दिल्लीत अनोळखी माणसाच्या तोंडून मराठी ऐकली की कसं माहेरचं कुणी भेटल्यासारखं होतं! क्षिप्राला तर रडूच फुटलं. त्याने पुडा तिच्या हातात दिला. "खा. शेंगा सोलताना रडता येत नाही. करून बघा."

रडता रडता ती हसली. झालं! पोरगी तिथेच अडकली, कळलं तिला नंतर.

त्याचं नाव दत्तात्रय शेडबाळे. सांगलीकडचा, फरीदाबादच्या एका ट्रॅक्टर कारखान्यात ब्रेकच्या विभागात इंजिनियर. त्यानेच ती जुनी मॉरिस मायनर गोगलगायीच्या चालीने मयूर विहारला, त्यांच्या सोसायटीत आणून लावली आणि म्हणाला, "मागची चाकं एकदम जाम होतायत. रविवारी येतो, उघडून बघतो. तोवर गाडी हलवायची नाही."

हलवतंय कोण? मारुतराव म्हणजे मराठा पलटणीतले निवृत्त सुभेदार. डोळे मिटून रायफल खोलायची, डोळे मिटून जोडायची, असा माणूस. पण त्या दिवसापासून त्यांनी किल्लीला हात लावला नाही. बाल्कनीत बसून स्वतःचे पंजे उलटेपालटे करून बघायचे. "हात गेले माझे, कृष्णा," एवढंच म्हणाले बायकोला. कृष्णाबाई धास्तावल्या. "भंगारात द्या ती गाडी. बाजारात इतक्या नव्या गाड्या आल्यात, जीव का द्यायचाय हिच्यापायी?"

क्षिप्राला गाडीचं काही पडलेलं नव्हतं. तिला तिचे बाबा परत हवे होते.

रविवारी दत्तात्रय आला तो हत्यारांची पिशवी घेऊनच. सोसायटीच्या आवारात सातवीणीखाली गाडी जॅकवर चढवून तो मागच्या चाकाशी मांडी ठोकून बसला. क्षिप्रा चहाचा ग्लास घेऊन उभी.

"इतक्या तरुण माणसाचं नाव दत्तात्रय?"

"आजोबांचं आहे. तुम्हाला जड वाटत असेल तर दत्ता म्हणा."

"बघू... चहा घ्या."

"कसा घेऊ?" त्याने काळेकुट्ट हात पुढे केले.

मग काय, तिनेच ग्लास त्याच्या ओठांशी धरला. त्याने घोट घेतला, वर बघितलं, आणि बघतच राहिला. तिने गोंधळून ग्लास कलता केला आणि निम्मा चहा त्याच्या शर्टावर.

"अय्या! भाजलं?"

"बिल्कुल नाही," तो तोंड वाकडं करत म्हणाला. भाजलं होतं चांगलंच.

त्याने हँडब्रेकची तार ओढून पाहिली, सुटी होती. स्प्रिंगा धड होत्या. ब्रेकचं तेल कुठे झिरपतंय का पाहिलं, सगळं कोरडं ठाक. तिला त्यातलं काही कळत नव्हतं, पण काम करताना तो खालचा ओठ दातांत धरतो हे मात्र कळलं. कपाळावर येणारी त्याची बट दोनदा तिने बोटाच्या पाठीने मागे सारली. दुसऱ्यांदा तर ती आलीही नव्हती.

मग त्याने आतला ब्रेकचा पट्टा काढून नाकाशी नेला आणि पुन्हा एकदा हुंगला.

"काय झालं?"

"पट्टा तेलात भिजलाय. थोडं जरी तेल लागलं ना, की पट्टा चाकाच्या ड्रमला मध्येच गच्च पकडतो. दुसऱ्या चाकातही तसंच. पण हे गाडीतलं तेल नाही. पातळ, स्वच्छ... हे कुणीतरी बाहेरून घातलंय."

क्षिप्राला एकदम आठवलं. खंडेनवमी! त्या दिवशी घरातली झाडून सगळी हत्यारं तेल लावून पूजेला मांडायची, ही सुभेदारांची शिस्त. विळी, कात्री, शिवणयंत्र, आणि गाडीसुद्धा. रायफलीच्या तेलाची बाटली घेऊन चाकाच्या भोकात धार धरणारे बाबा तिने डोळ्यांनी पाहिले होते. वर कौतुकही केलं होतं. तिने हे सगळं त्याला सांगितलं.

"त्यांना सांगू नका ना," ती कळवळून म्हणाली. "प्लीज. आधीच खचलेत. सांगा, पट्टा जुना होता."

"आणि पुढच्या खंडेनवमीला?"

"तेव्हाचं तेव्हा बघू!"

"तेव्हा तुम्ही शेजारी बसलेल्या असाल, क्षिप्रा." त्याचा आवाज एकदम हळू झाला. "मला नाही जमणार खोटं बोलायला."

"मग जा तुम्ही. इथूनच जा!"

तो गेला नाही. सरळ जिना चढून वर गेला. ती मागोमाग, डोळ्यांत पाणी घेऊन.

"काका, चाकात तेल तुम्ही घातलंत. खंडेनवमीला," त्याने उभ्याउभ्याच सांगून टाकलं. "ब्रेकला तेल चालत नाही. त्याच्यामुळे चाकं अडली."

मारुतराव खुर्चीतून उठले. क्षिप्राने डोळेच मिटले.

"म्हणजे... हात नाही?"

"हात? अहो, मागची चाकं जाम होऊन फिरलेली गाडी तुम्ही कुठेही न आपटता थांबवलीत. मी समोर उभा होतो ना! मी असतो तर खांबावर घातली असती."

मग मारुतराव असे हसले, असे हसले, की कृष्णाबाई लाटणं घेऊन बाहेर आल्या. "पुढच्या चाकांना पण घालणार होतो रे! हिने आरतीला हाक मारली म्हणून राहिलं!"

दत्तात्रयाने पुढच्या रविवारी काश्मिरी गेटच्या सुट्या भागांच्या बाजारातून नवे पट्टे आणून बसवले, ड्रम धुऊन पुसून लख्ख केले, आवारातच गाडी चालवून चारदा ब्रेक मारून बघितला. मारुतरावांनी कडक इस्त्रीचा शर्ट चढवला. "बस गं कृष्णा. तुम्ही दोघं थांबा इथे." आणि मॉरिस डौलात गेटाबाहेर पडली.

सातवीणीखाली दोघंच उरली. फुलांचा बारीक सडा पडत होता.

"झाली नीट," तो चिंधीने बोटं पुसत म्हणाला. "आता पुढच्या रविवारी यायला... काही कारण नाही."

"मी आहे ना." बोलून गेली आणि कानापर्यंत लाल झाली. तरी थांबली नाही. "त्या दिवशी मी जा म्हटलं, आणि तुम्ही वर गेलात... तेव्हाच ठरलं माझं. मला तुम्ही आवडता, दत्ता. खूप."

त्याने हात पुढे केला, काळा बघून मागे घेतला. तिने तो ओढून आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला.

तेवढ्यात मॉरिस गेटातून आत आली. मारुतरावांनी ब्रेक दाबला. गाडी सुतासारखी सरळ उभी राहिली, दोघांच्या अगदी समोर. कृष्णाबाईंनी ते धरलेले हात बघितले आणि काहीतरी म्हणायला खिडकीतून मान बाहेर काढली.

"आत घे मान," मारुतराव म्हणाले. त्यांनी गाडी वळवली आणि आणखी एका फेरीला बाहेर काढली.