कोऱ्या टेपवरची घोषणा

ज्यांचा विश्वास बसणार नाही त्यांनी पुढे वाचू नये, एवढंच आधी सांगतो. लोकांना पटवून देण्याची माझी हौस कधीच फिटली आहे. हे माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत घडलं. तो कॅमेरा अजूनही माझ्या कपाटात आहे.

अण्णांच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशीची गोष्ट. रविवारची संध्याकाळ. आमच्या घरातली मागची खोली.

अण्णा म्हणजे माझे वडील. अख्खी नोकरी त्यांनी बस स्थानकावर माईकसमोर काढली. कुठली गाडी कुठल्या फलाटावरून सुटणार हे सांगायचं काम. रेकॉर्ड केलेलं काही नाही, सगळं तोंडाने. लोक त्यांना चेहऱ्याने ओळखत नसत, पण दुकानात तोंड उघडलं की दुकानदार मान वर करायचा. "अरे, माईकवाले तुम्हीच का?"

घरीही तीच सवय. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. जेवण लागले आहे. ठमी यांनी त्वरित स्वयंपाकघराकडे प्रस्थान करावे." ठमी म्हणजे माझी मुलगी, पहिलीत आहे. ती खिदळत धावत सुटायची.

मग त्यांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल. आवाज जाईल.

मी ठरवलं, जाण्याआधी तो टेपवर घ्यायचा. आणि नुसता आवाज नाही. मोठेपणी ठमीला आजोबा बोलताना दिसले पाहिजेत, ओठांची हालचालसुद्धा. म्हणून हाय डेफिनिशनचाच कॅमेरा हवा. छोट्या टेपवर चालणारे ते कॅमेरे नुकतेच घरगुती वापरासाठी यायला लागले होते.

मी कॅमेऱ्यांची मासिकं आणून वाचली आणि माझ्या डोक्याला ताप सुरू झाला.

एकाचं चित्र झकास, पण टेप फिरवणारी मोटर माईकमध्ये कुरकुरायची. दुसऱ्याला बाहेरचा माईक जोडायची सोयच नाही. तिसऱ्याला ती होती, पण टेप खालून घालायची. म्हणजे स्टँडवर चढवला की टेप बदलायला पुन्हा उतरवा. हे बनवणाऱ्याने आयुष्यात कधी स्टँड पाहिला होता की नाही कोण जाणे.

"साहेब, सगळं एकातच मिळालं असतं तर बाकीचे आम्ही कशाला ठेवले असते?" दुकानदार म्हणाला.

घरी बायको वेगळीच. "लग्न ठरवताना एवढा विचार केला होतास का?"

"तेव्हा मासिकं वाचली नव्हती," मी म्हणालो.

शेवटी तो खालून टेप घालायचा घेतला. खालच्या मजल्यावरचे मास्तर मुद्दाम बघायला आले. ते अण्णांचे पत्त्यांतले जोडीदार. कॅमेरा हातात घेऊन म्हणाले, "माईकवाले, आता तुमची थापेबाजी पुराव्यासकट राहणार." अण्णा खूप हसले. ते हसणं मी टेपवर घेतलं नाही. टेप अजून तयार नव्हती.

तयार म्हणजे काय, ते सांगतो. मासिकात लिहिलं होतं की नवी टेप आधी एकदा कोरीच चालवून घ्यावी. भिंगावर कॅप लावायची, रेकॉर्डिंग सुरू करायचं आणि टेप संपेपर्यंत चालू द्यायचं. नुसता काळोख रेकॉर्ड होतो. मग मागे गुंडाळून खरं चित्रीकरण त्यावरच करायचं, म्हणजे टेपवरची वेळेची नोंद मध्ये तुटत नाही. कुणी करत नाही हे. मी करतो.

गुरुवारी तपासण्यांसाठी आम्ही सगळेच अण्णांबरोबर हॉस्पिटलला गेलो. निघताना मी कॅमेरा अण्णांच्या खोलीत टेबलावर ठेवला. कॅप लावली, रेकॉर्डिंग सुरू केलं, घराला कुलूप लावलं.

घरात कुणी नव्हतं. हे नीट लक्षात ठेवा.

आलो तेव्हा टेप संपून कॅमेरा थांबला होता. मी ती मागे गुंडाळली.

रविवारी संध्याकाळी अण्णांना खिडकीजवळ बसवलं. त्यांनी नोकरीतल्या गमती सांगितल्या. ठमीसाठी खास घोषणा केली. आवाज जरा बसला होता, पण होता तोच. कानाला हेडफोन लावून मी शब्द न् शब्द ऐकत होतो.

मग टेप मागे घेऊन बघितली.

चित्र अप्रतिम. पंख्याची घरघर होती. घड्याळाची टिकटिक होती. ठमीचं खिदळणं होतं.

अण्णांचे ओठ हलत होते...

आवाज नव्हता.

मी पुन्हा घेतलं. बाहेरचा माईक लावला, पुन्हा घेतलं. माईक काढला, पुन्हा. दर वेळी हेडफोनमध्ये अण्णा खणखणीत. दर वेळी टेपवर पंखा, घड्याळ, रस्त्यावरचा हॉर्न... आणि अण्णांच्या जागी काहीच नाही. त्यांचा एकट्याचा आवाज कुणीतरी वेचून काढल्यासारखा.

रडू येईल एवढा वैतागलो होतो. दुकान रविवारी बंद. बायकोने जुना टेपरेकॉर्डर माळ्यावरून काढला तर त्याचा पट्टा तुटलेला. आमच्या फोनवर ही सोय नव्हती.

"राहू दे रे," अण्णा म्हणाले. "इतकी वर्षं ऐकलाय ना सगळ्यांनी? पुरे झाला."

मी त्यांच्यावरच चिडलो. "मला पुरे झाला नाही," म्हणालो.

सोमवारी ऑपरेशन झालं. जीव वाचला. आवाज गेला.

अण्णा हॉस्पिटलात असतानाच खालचे मास्तर गेले. दुपारी झोपले ते उठलेच नाहीत. तब्येत धडधाकट होती. अण्णांना आम्ही ते घरी आणल्यावरच सांगितलं. त्यांनी ठमीच्या पाटीवर लिहिलं, "डाव अर्धा राहिला." मग पाटी पालथी ठेवली.

मी कॅमेरा घेऊन दुकानदाराच्या उरावर बसायला गेलो. त्याने टेप लावली. अण्णांचे ओठ हलताना दिसले, त्यांचा आवाज नाहीच. मी बोलत सुटलो होतो. फसवणूक, ग्राहक, तक्रार, जे तोंडाला येईल ते. तेवढ्यात मी घेतलेला भाग संपला. पुढे कोऱ्या टेपचा काळोख सुरू झाला. त्याचा बटण दाबायला हात पुढे गेला...

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे."

अण्णा. खणखणीत, ऐन नोकरीतला आवाज.

दुकानदाराने टेप थांबवली. "आहे की आवाज. कॅमेऱ्यात दोष नाही साहेब."

मला एवढा आनंद झाला की मी त्याची माफी मागितली. काहीतरी उलटसुलट होऊन आवाज पुढे सरकला असेल, असं समजून घरी पळालो. वाटेत माझ्या डोक्यात दुसरं काही आलं नाही, खरंच.

घरी कॅमेरा टीव्हीला जोडला. ठमी तिच्या मावशीकडे गेली होती. मी, बायको आणि अण्णा, तिघंच होतो. पडद्यावर काळोख.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. खालचे मास्तर... फलाट क्रमांक एकवरून... सुटत आहेत."

बायकोने माझा दंड धरला.

मी अण्णांकडे बघितलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी पाटी ओढली. लिहिलं, "हे मी बोललेलो नाही."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. हा काळोख गुरुवारचा होता. गुरुवारी घराला कुलूप होतं, अण्णा माझ्याशेजारी हॉस्पिटलच्या बाकावर बसलेले होते. आणि मास्तर जिवंत होते.

टेप चालूच होती. पंख्याचा आवाज नाही, घड्याळाचा नाही. फक्त माईकजवळ कुणीतरी श्वास घेतला...

"अण्णा माईकवाले... फलाट क्रमांक एकवरून... सुटण्याच्या तयारीत आहेत."

अण्णांनी मान डोलावली. आपली गाडी लागली की माणूस मान डोलावतो, तशी.

"आणि यानंतर..."

अण्णा उठले. इतक्या चपळाईने उठताना मी त्यांना त्या आजारपणात पाहिलं नव्हतं. त्यांनी कॅमेरा बंद केला, बॅटरी काढून माझ्या हातात दिली आणि पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं. "पुढे ऐकायचं नाही. कुणीच."

महिना उलटायच्या आत अण्णा गेले. दुपारी, झोपेत.

कॅमेरा मी कपाटात ठेवून कुलूप लावलं. चावी खिशात ठेवतो. बॅटरी आणि चार्जर ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये. टेप पुसून टाकावी असं रोज वाटतं आणि रोज हात मागे येतो. ठमीसाठी जपायचा म्हणून जिवाचं रान केलं, तो अण्णांचा आवाज जगात तेवढ्याच एका ठिकाणी आहे. आणि तिला तो ऐकवता येत नाही. या गोष्टीची चीड कुणावर काढायची तेही मला कळत नाही. टेपवर काय होतं ते आम्ही ठमीला कधीच सांगितलेलं नाही.

परवा संध्याकाळी बायको ताटं मांडत होती. ठमी हातात चमचा धरून दारात उभी राहिली, ताठ, अण्णा उभे राहायचे तशी.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे," ती म्हणाली.

आम्ही हसलो. किती दिवसांनी हसलो होतो.

"खालचे मास्तर... फलाट क्रमांक एकवरून... सुटत आहेत. अण्णा माईकवाले... सुटण्याच्या तयारीत आहेत. आणि यानंतर..."

ती थांबली.

बायकोच्या हातातलं ताट तसंच राहिलं. मी कसंबसं विचारलं, "ठमे, हे तुला कुणी शिकवलं?"

"आजोबांनी."

"कधी?"

"रोज दुपारी. कपाटाजवळ." तिने चमचा खाली घेतला. जरा रुसलीच होती. "पण पुढचं नाव ते मला सांगतच नाहीत. म्हणतात, टेप बाबांकडे आहे, त्यांनाच विचार."

त्या दिवसापासून आम्ही तिला दुपारी एकटं ठेवत नाही. त्याने काय होणार, ते मला ठाऊक नाही. पुढचं नाव कुणाचं, हे कळलं तर काही करता येईल का? की कळल्यावरच ते खरं होईल? बायको म्हणते, अण्णांनी नको म्हटलंय ना, मग नको. मीही हो म्हणालो.

चावी खिशात आहे. बॅटरी ऑफिसात. उद्या ऑफिसला जायचं आहे.