बेन्वीन्दोचं पिंप

काम साधं होतं. जुन्या घरातून बुधलाभर वाइन आणायची, एवढंच. फिरमिनोला तुम्ही ओळखता, आता खाली बंदरावर पोती उचलतो तो. तेव्हा इथेच राहायचा. त्याचा द्राक्षमळा माझ्या मळ्याला लागून. सरळ माणूस. पिऊन त्याचं पाऊल कधी वाकडं पडलेलं मी पाहिलं नाही, म्हणून सांगतो, हा नशेचा खेळ नव्हता. आणि त्या रात्री मी स्वतः तिथे होतो. सुझेते, हसायचं ते शेवटी हस.

तीन वर्षं झाली. सप्टेंबरातला पहिला शनिवार. द्राक्षं खुडून झाली होती. चंद्र नव्हता. फिरमिनोच्या मुलीची सातवी रात्र होती, म्हणजे जागरण आलंच. पाळण्याभोवती माणसं, उशाखाली उघडी कात्री, चुलीवर मका आणि घेवड्याचं पातेलं, कोपऱ्यात मी व्हायोलिन घेऊन. बारा वाजेपर्यंत गोंगाट करायचा आणि चेटकिणीला बाळाच्या डोक्याजवळ फिरकू द्यायचं नाही. बापानं त्या रात्री उंबरा ओलांडायचा नाही. हे इथे शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

पण फिरमिनोच्या आईला कोण सांगणार? मानानं सगळे जिला न्या म्हणतात त्या झुल्मिरानं पहिला पेला हुंगला आणि खाली ठेवला. विकतची वाइन नातीच्या सातवीला चालणार नाही, म्हणाली. आजोबाच्या पिंपातलीच हवी. नाहीतर तो रागावेल.

आजोबा म्हणजे फिरमिनोचा बाप, न्यो बेन्वीन्दो. ज्वालामुखी फुटून लाव्हा गावात शिरला तेव्हा म्हातारा घरातून हलेना. पोरांनी अक्षरशः उचलून गाडीत घातला. खालच्या वसाहतीत तो दीडेक वर्ष जगला आणि रोज एकच घोकत बसायचा, माझं पिंप वर राहिलं. तिथेच मेला. घर लाव्ह्यात गाडलं गेलं, पण मागची खोली शाबूत राहिली. फिरमिनोनं छपराला भोक पाडून आत शिडी सोडली होती.

इदालिना, फिरमिनोची बायको, बाळंतिणीच्या खाटेवरून उठून बसली.

"मेलेल्याचा रुसवा काढायला जिवंत बाळाच्या बापाला बाहेर पाठवता? रीत तुम्हीच सांगायची, न्या, आणि तुम्हीच मोडायची?"

"माझी पाच पोरं अशाच सातव्यांतून वाचली," म्हातारी म्हणाली. "तू मला शिकवू नकोस."

खोलीत आम्ही सहा-सात पिकली डोकी होतो. सून बरोबर बोलत होती हे प्रत्येकाला कळत होतं. एकानंही तोंड उघडलं नाही. फिरमिनो दोघींच्या मधे उभा राहिला, मग त्यानं काचेचा बुधला आणि बॅटरी घेतली आणि गेला.

पुढचं त्यानंच मला सांगितलं. लाव्ह्यावरून चालत तो घरापाशी पोचला, शिडीनं उतरला. पिंप होतं तसंच होतं. तोटी गंजलेली, धार बारीक. बुधला भरत बसला असताना डोक्यावर छपरावर कोणीतरी चाललं. सावकाश. भोकापाशी थांबलं.

फिरमिनोनं हाक मारली.

मग पावलं निघून गेली... गावाकडे.

बकरी असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

इकडे दार उघडलं आणि फिरमिनो आत आला. मी पाहिला. सगळ्यांनी पाहिला. हातात बुधला नव्हता. पिंप आटलंय, म्हणाला. म्हातारीनं शालीत तोंड लपवलं. कोणीतरी त्याची थट्टा केली, की वाटेतच पिंप पोटात गेलं वाटतं. तो हसला नाही. पाळण्यापाशी गेला. इदालिना अजून धुमसत होती. तिनं नवऱ्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही.

"दे तिला," तो म्हणाला. "अंग तापलंय. जरा वाऱ्यावर नेतो."

ती थबकली. म्हातारी तिच्यावर खेकसली, बाप आहे तो तिचा, दे.

तिनं दिली.

तो आमच्या मधून गेला. त्याला वाट द्यायला मी पाय आखडून घेतले. त्याची बाही माझ्या हाताला घासली. बाहेर इतकी थंडी, आणि ती बाही गरम होती. भट्टीपाशी वाळत घातल्यासारखी.

दार लागलं. मी पुढचं गाणं वाजवायला घेतलं.

ते गाणं संपायच्या आत दार पुन्हा उघडलं.

फिरमिनो. धापा टाकत. खांद्यावर भरलेला बुधला.

"म्हाताऱ्यानं जपून ठेवलीय," तो म्हणाला. "आंबली नाही."

माझा गज तारांवरच थांबला.

"काय झालं?"



"बाळ?" इदालिना म्हणाली.

"बाळाचं काय?"

"फिरमिनो... बाळ कुठंय?"

त्यानं पाळण्याकडे पाहिलं. मग आमच्याकडे. एकेकाकडे. बुधला खांद्यावरून घसरला आणि फुटला, तरी कोणी हललं नाही.

हलली ती इदालिना. अनवाणी. कुठे जायचं हे तिनं कोणाला विचारलं नाही. आम्ही मागून धावत होतो, लाव्ह्यावर ठेचकाळत, आणि पुढे तिच्या हातातली बॅटरी उड्या मारत होती. ती थेट जुन्या घरी. थेट भोकात. फिरमिनो पोचेपर्यंत ती खाली उतरली होती.

आतून आवाज नाही.

मी वाकून पाहिलं. पिंपावर बाळ निजवलेलं होतं. जिवंत होतं. डोळे उघडे. रडत नव्हतं. खोलीच्या कोपऱ्याकडे एकटक बघत होतं. त्या कोपऱ्यात काही नव्हतं.

इदालिनानं तिला उराशी घेतलं. मग तिनं बॅटरी जमिनीवर धरली. बराच वेळ. काय बघत होती, मला वरून दिसेना.

ती शिडी चढू लागली. फिरमिनोनं वरून दोन्ही हात खाली केले. रडत होता बिचारा. "दे," म्हणाला, "दे तिला माझ्याकडे."

ती शिडीवर थांबली. त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"न्यो अल्सिंदो," ती मला म्हणाली, "तुम्ही घ्या."

मी घेतलं.

सकाळच्या पहिल्या गाडीनं ती बाळाला घेऊन खाली गेली, तिथून बोटीनं राजधानीला, बहिणीकडे. फिरमिनो दर सणाला बोटीत बसतो. ती त्याला जेवायला वाढते, वाईट शब्द बोलत नाही. मुलगी अंगणात खेळते, तो लांबून बघतो. त्यानं तिला अजून एकदाही उचललेलं नाही. मी एकदा इदालिनाला समजवायला गेलो, म्हातारा म्हणून. तिनं माझं ऐकून घेतलं आणि विचारलं, "वर आला तो कोणता, न्यो? छातीवर हात ठेवून सांगा."

मला सांगता आलं नाही.

कारण दुसऱ्या दिवशी भोक बुजवायला मीच गेलो होतो. आत उतरलो. खोलीच्या जमिनीवर बोटभर राख. राखेत तिची अनवाणी पावलं, आणि फिरमिनोचे बूट, टाचेला टायरचा तुकडा ठोकलेले. अख्ख्या गावात तसला जोड एकच.

ती बुटांची पावलं दोनदा आत गेली होती.

बाहेर... एकदाच.