घळीपलीकडचा ठोका

डोंगरकड्याजवळच्या माळावर गोल्फचं नवं मैदान झालं आणि वर्षभरातच महिलांची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा तिथे ठरली. मैदान कुणीच पाहिलेलं नव्हतं, म्हणून खेळाडू आठवडाभर आधीच सरावाला येऊन थडकल्या. नीलांबरी त्यांतलीच. तिचा मागचा अख्खा हंगाम पाठदुखीत गेला होता. या वेळी पहिल्या पाचांत आली नाही, तर व्यावसायिक दौऱ्यातलं तिचं स्थान जाणार होतं.

सहावा होल तिला पाहताक्षणी आवडला नाही. उंचवट्यावरून फटका मारायचा, मधे खोल घळ, पलीकडे काळ्या कातळाच्या पायथ्याशी हिरवळीचा लहानसा तुकडा आणि त्यावर झेंडा. चेंडू कमी पडला की घळीत गेलाच. वाऱ्यावर कुठूनतरी हळद शिजवल्याचा उग्र वास येत होता. तिने फटका मारला. टक्. क्षणभराने कातळावरून तोच आवाज परत आला.

"आवाज घुमतो बघा इथं," तिची बॅग वाहणारा जळबा म्हणाला. तो गावातलाच, चाळिशीचा, मोजकं बोलणारा.

दुसऱ्या दिवशी दोन्ही आवाज एकदमच आले. हवा तापली असेल, असं तिने मनाशी म्हटलं.

तिसऱ्या दिवशी फटक्यासाठी उचललेला क्लब अजून खांद्यावर होता, तेवढ्यात पलीकडून टक् झालं. तिचे हात दचकले. चेंडू घळीत गेला.

"पलीकडे कुणी खेळतंय का?"

"न्हाई ताई." जळबाने बॅग खाली ठेवली. "आज लवकर येऊन राहिला आवाज."

"असं का व्हावं?"

"काहून ते मला काय ठाव?" तो म्हणाला आणि पुढे चालू लागला.

दुपारी जेवताना तिने आलियाला त्या आवाजाबद्दल विचारलं. आलिया वसमतच्या हळद व्यापाऱ्याची मुलगी. शिबिरांत दोघी कायम एकाच खोलीत राहत आलेल्या.

"तुलाही येतो?" आलिया हसली. "मी तर आता त्याची वाटच बघते. आवाज आला की मारायचं. चेंडू बराबर झेंड्यापाशी."

"पण तो आवाज कसला, आलिया?"

"कसला का असेना. आपलं काम होतंय ना?"

सरावाच्या शेवटच्या सकाळी नीलांबरी ठरवूनच गेली. तिने चेंडू ठेवला, क्लब जमिनीला टेकवला आणि ती हललीच नाही. वारा पडलेला.

टक्.

पलीकडे हिरवळीवर एक पांढरा चेंडू टप्पा घेऊन झेंड्याजवळ थांबला. तिचा चेंडू पायाशीच होता.

जळबाने मान वर केली नाही. वळसा घालून दोघं तिथे पोचले, तेव्हा हिरवळीवर चेंडू नव्हता. टप्प्याची खूण तेवढी होती. ताजी.

स्पर्धेच्या अखेरच्या दिवशी सहाव्या होलवर आल्या तेव्हा नीलांबरी आणि आलिया बरोबरीने आघाडीवर होत्या. पहिली पाळी आलियाची. ती चेंडूपाशी उभी राहून वाट बघू लागली. पलीकडून टक् झालं. मग तिचा क्लब फिरला, चेंडू उडाला. पण क्लब चेंडूला लागल्याचा आवाज या बाजूला झालाच नाही.

चेंडू झेंड्यालगत थांबला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणाला काही खटकलं नव्हतं.

आता नीलांबरीची पाळी. आवाज येईपर्यंत नुसतं थांबायचं होतं. स्थान पक्कं होतं.

ती चेंडूपाशी गेली आणि न थांबता मारून मोकळी झाली.

टक्. आवाज तिच्या हातातच झाला. मनगटं झिणझिणली. चेंडू घळीत गेला.

पलीकडून काहीच आलं नाही.

त्या होलनंतर तिचा खेळ सावरला नाही. ती सातवी आली. दौऱ्यातलं स्थान गेलं. आलिया जिंकली.

बक्षीस समारंभ आटोपल्यावर नीलांबरीच्या गाडीपाशी आलिया धावत आली आणि तिच्या गळ्यात पडली. घळ तिथून बरीच लांब, माळाच्या पार पलीकडच्या टोकाला. जळबा डिकीत बॅग ठेवत होता.

"नीलू, तू थांबली काहून न्हाईस गं?"

आवाज आलियाचाच होता. घळीकडून आला होता.

जळबा बॅग हातात तशीच धरून तिकडे वळून पाहू लागला.

आणि मग नीलांबरीच्या कानाला आलियाचा गरम श्वास लागला, आणि आता कुठे आलियाचे ओठ कानाशी हलू लागले.