मागच्या डाव्या स्पीकरचं अंतर

बसा. लाईट आल्याशिवाय तुमचा सेट तपासता येणार नाही, आणि आमच्या हारो भागात एकदा गेलेली लाईट तासाभरात येईल असं मी तरी म्हणणार नाही. मेणबत्ती जरा तुमच्याकडे सरकवतो.

मघाशी तुम्ही विचारलंत, स्पीकर बसवून झाल्यावर मी खोलीचं माप टेपनं का घेतो. सगळ्यांकडे मायक्रोफोन असतो, सेटचा डबा उघडला की आत मिळतो. तो लावून ठेवायचा, बटण दाबायचं, यंत्र आपलं आपण मोजून घेतं. मीही पूर्वी तसंच करायचो. आता करत नाही. गिऱ्हाइकांना सांगतो, टेप बरी पडते. खरं कारण वेगळं आहे.

तीन वर्षांपूर्वीचं ते वादळ आठवतंय ना? आपल्याकडे अकरा दिवस वीज नव्हती. बाराव्या दिवशी आली ती अशी धक्का देत आली, की निम्म्या इलोइलो शहरातले टीव्ही आणि फ्रीज जळाले. माझ्या दुकानात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. त्या गर्दीत एका सकाळी ओतोन गावाहून मानांग फेलिंगचा फोन आला.

मानांग फेलिंग म्हणजे आन्सेल्मो पेनाफिएल यांची बायको. ते जहाजावर चीफ इंजिनीअर होते, म्हणून सगळं गाव त्यांना चीफच म्हणायचं, आणि फेलिंगना मानानं मानांग. तीस वर्षं समुद्रावर काढून परत आले आणि घराच्या वरच्या मजल्यावर सिनेमाची खोली बांधली. खिडकी नाही, भिंतींना जाड फोम, खाली गालिचा. सेट मीच बसवला होता. नंतर त्यांची फुप्फुसं निकामी झाली. शेवटची दोन वर्षं त्यांची खाटही त्याच खोलीत होती, शेजारी ऑक्सिजनचं यंत्र. त्या अकरा दिवसांतच ते गेले. मला अंत्ययात्रेला जाता आलं नव्हतं, ते मनाला लागून राहिलं होतं.

“तोतो, सेट चालू होत नाहीये रे,” मानांग म्हणाल्या. “चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेला चीफचे जहाजावरचे मित्र येणार आहेत. पोरीनं, मारिविकनं, बापाचे व्हिडिओ जोडून ठेवलेत. तेवढे ऐकू आले पाहिजेत.”

“आज येतो, मानांग.”

दहाच्या सुमाराला पोचलो. लख्ख ऊन होतं. शेजारच्या छपरावर दोन माणसं पत्रे ठोकत होती. मानांगनी कॉफी दिली, पांदेसालचा पाव दिला, मी नको म्हटलं तरी खायला लावला. “वाळलास की! बायको जेवायला घालते का नाही?” असं विचारून हसल्याही. पण त्यांचे डोळे खोल गेले होते. जिना चढून वर आल्या आणि दाराशी थांबल्या. मी आत गेलो. त्यांनी उंबरा ओलांडला नाही.

“आत या ना.”

“नको. इथूनच बघते.”

खोलीत शिरताच छातीला लावायच्या मलमाचा वास आला. महिनाभर बंद असलेल्या खोलीत वास राहायचाच. मागच्या भिंतीवरचा एकच दिवा चालत होता. समोर पडदा, मध्ये सोफा, चारी बाजूंना स्पीकर. पुढे तीन, मागे दोन. मागच्या डाव्या कोपऱ्यात स्पीकरपुढची जागा तेवढी रिकामी. तिथली खाट आणि यंत्र हलवलं होतं.

दुखणं साधंच निघालं. अँप्लिफायर चालू व्हायचा, टक् करून लगेच बंद पडायचा. पुढच्या स्पीकरची एक तार मागच्या बाजूला निसटून धातूला टेकली होती. ती नीट बसवली, फ्यूज बदलला. सेट चालू झाला. पण वीज तशी आल्यानं आतली सगळी मापं पुसली गेली होती. कोणता स्पीकर बसणाऱ्यापासून किती लांब आहे हे यंत्राला पुन्हा शिकवायला हवं होतं. मी मायक्रोफोन सोफ्यावर मधोमध, माणसाच्या कानाच्या उंचीला उभा केला आणि बटण दाबलं.

पडद्यावर अक्षरं आली. ‘खोलीत आवाज आहे. कृपया शांतता राखा.’

छपरावरची ठोकाठोक असेल म्हणून मी दार ओढून घ्यायला सांगितलं. मानांगनी बोटभर फट ठेवून दार लोटलं. आता आत काहीच ऐकू येत नव्हतं. फोमच्या खोलीतली शांतता कानांवर दाबल्यासारखी वाटते, आपलंच रक्त वाहताना ऐकू येतं. मी पुन्हा बटण दाबलं.

‘खोलीत आवाज आहे. कृपया शांतता राखा.’

एसी बंद केला. फोन बंद केला. मनगटावरचं घड्याळ काढून जिन्यात नेऊन ठेवलं. तरी तेच. मग मी पिशवीतून हेडफोन काढले, मायक्रोफोनला काय ऐकू येतंय ते ऐकू म्हटलं.

गुडगुड. बारीक, एकसारखी. नळीनं पाण्यात हवा सोडावी तशी. मध्येच थांबे, पुन्हा सुरू होई.

“मानांग, या भिंतीतून पाण्याचा पाइप जातो का?”

“नाही. का रे?”

“गुडगुड येतेय. बाटलीत बुडबुडे यावेत तशी…”

त्या हळू म्हणाल्या, “चीफच्या यंत्राला एक बाटली होती. पाण्याची. ऑक्सिजन तिच्यातून जायचा.”

“यंत्र कुठंय?”

“भाड्याचं होतं. पंधरा दिवसांपूर्वी परत नेलं त्यांनी.”

मी यंत्रांचा माणूस. कुठलाही आवाज कुठून तरी येतो, एकेक वस्तू काढत गेलं की सापडतो, हे मी वीस वर्षं करत आलोय. मी वूफरची वायर काढली. टीव्ही बंद केला. शेवटी अँप्लिफायरचीही पिन काढली आणि मायक्रोफोन माझ्या बॅटरीवरच्या यंत्राला जोडला. खोलीत विजेवर चालणारं काही उरलं नव्हतं, तो एक दिवा सोडून. गुडगुड चालूच होती. मग आपोआप थांबली.

घाई करून मी सगळं परत जोडलं आणि बटण दाबलं. या वेळी यंत्रानं तक्रार केली नाही. एकामागून एक स्पीकरमधून तो लांबट, चढत जाणारा सूर निघाला. पुढचा डावा, मधला, पुढचा उजवा, मागचा उजवा, मागचा डावा. पडद्यावर आकडे आले. पहिले चार बरोबर. मागचा डावा: साडेसात मीटर.

ती खोली सहा मीटरची. टेप लावून मोजलं, सोफ्यापासून तो स्पीकर अडीच मीटरवर होता.

स्पीकर बिघडला असेल. मी मागचे दोन्ही स्पीकर काढून एकमेकांच्या जागी लावले, तारांसकट. पुन्हा मोजलं. बिघाड स्पीकरबरोबर उजवीकडे जायला हवा होता. गेला नाही. चांगला स्पीकर डाव्या कोपऱ्यात गेला आणि तोही साडेसात मीटर दाखवू लागला. मायक्रोफोन सोफ्याच्या टोकाला नेला, तरी तेच.

असा आकडा केव्हा येतो ते मला ठाऊक होतं. स्पीकर आणि मायक्रोफोनच्या मध्ये काही मोठं उभं असलं, की आवाजाला सरळ येता येत नाही. तो भिंतींवर आपटत, वळसा घालून येतो. यंत्राला वाटतं स्पीकर लांब आहे. लहान मुलं मध्ये येऊन उभी राहतात तेव्हा नेहमी होतं हे.

मी स्पीकरपासून सोफ्याच्या मध्यापर्यंत एक रेघ डोळ्यांनीच ओढली, दुसरी सोफ्याच्या टोकापर्यंत. दोन्ही जिथून निघत होत्या तिथं, स्पीकरच्या अगदी पुढ्यात, गालिच्यावर चार खळगे होते. खाटेच्या पायांचे.

“झालं का रे?” दाराच्या फटीतून आवाज आला.

“मानांग… इथं काहीतरी मध्ये येतंय.”

“कुठं?”

मी हात केला. फट रुंद झाली. त्या बघत राहिल्या. त्यांनी हातातला रुमाल ओठांवर धरला.

“तिथंच निजायचा तो,” त्या म्हणाल्या. मग, “तोतो, लोक म्हणतात वीज नव्हती म्हणून गेला. तूही तेच ऐकलं असशील.”

“हो.”

“जनरेटर होता आमच्याकडे. डिझेलही होतं.”

मी हातातली टेप मिटली.

“माझ्या खिडकीखाली होता तो जनरेटर. नऊ दिवस, नऊ रात्री धडधडत होता. आणि इथं ते यंत्र, फुस्स… फुस्स… दोन वर्षं मी एकदाही सलग झोपले नव्हते, पण ते नऊ दिवस… माझं डोकं फुटेल असं झालं होतं. दहाव्या दिवशी दुपारी मी त्याला सिलिंडर लावला. म्हटलं, तासभर. फक्त तासभर. आणि जनरेटर बंद केला.” त्यांनी डोळे मिटले. “किती शांत झालं रे सगळं. मी उशीवर डोकं टेकलं. उठले तेव्हा दिवेलागण झाली होती.”

“सिलिंडर संपला असेल, मानांग. तुम्हाला काय ठाऊक…”

“अर्ध्या तासाचाच उरला होता,” त्या म्हणाल्या. “काटा मी बघितला होता.”

खोलीतल्या शांततेत ते वाक्य तसंच राहिलं. फोमच्या भिंती आवाज परत देत नाहीत. माझ्या आईच्या वयाची बाई, तासाभरापूर्वी मला पांदेसाल खायला घालणारी. तिचा राग यावा की तिला जवळ घ्यावं, मला कळत नव्हतं.

“मारिविकला सांगू नकोस.”

“नाही सांगणार.”

“मी त्याची माफी मागते,” त्या म्हणाल्या, आणि तिथूनच, उंबऱ्याबाहेरून, त्या कोपऱ्याकडे बघत काहीतरी पुटपुटल्या. मला शब्द कळले नाहीत. मग माझ्याकडे वळून त्या लहान मुलासारख्या म्हणाल्या, “आता पुन्हा बघ ना. गेला का?”

मला त्या खोलीत आणखी क्षणभर थांबायचं नव्हतं. पण त्यांचा चेहरा पाहून नाही म्हणवेना. मी बटण दाबलं. सूर निघाले. मागच्या डाव्याचा सूर या वेळी स्वच्छ, अगदी सरळ कानाशी आला. पडद्यावर आकडा उमटला: अडीच मीटर.

माझा जीव भांड्यात पडला. वळून सांगणार, तेवढ्यात वरच्या ओळीकडे लक्ष गेलं. पुढचा उजवा, जो इतका वेळ बरोबर होता: नऊ मीटर.

पुढचा उजवा स्पीकर दाराशेजारी होता.

मी मानांगकडे पाहिलं. त्या उंबऱ्याच्या पलीकडे उभ्या होत्या, स्पीकरच्या वाटेत नव्हत्याच. मागच्या भिंतीवरच्या दिव्याचा उजेड इतका वेळ त्यांच्या तोंडावर पडत होता. आता पडत नव्हता. दिवा तसाच जळत होता. मध्ये सोफा होता, मी बाजूला होतो, आणि कोणीही नव्हतं. पण त्यांचा चेहरा, मान, खांदे सावलीत होते. फक्त तेवढेच.

“काय दाखवतंय?” त्यांनी विचारलं.

मी पडद्यावरचा आकडा पुसला.

“सगळं… बरोबर आहे, मानांग.”

“खरंच?”

“खरंच.”

त्यांनी मोठा श्वास सोडला. मी पिन ओढली, हत्यारं पिशवीत कोंबली. दारातून बाहेर पडताना मी अंग चोरून, भिंतीला पाठ घासत निघालो. खाली आल्यावर सांगितलं, अँप्लिफायर जळालाय, व्हिडिओ खालच्या टीव्हीवरच दाखवा. पैसे घेतले नाहीत. चाळिसाव्याची प्रार्थना खालीच झाली. मी गेलो होतो. मानांग सगळ्यांना जेवायला वाढत होत्या, हसत होत्या. त्यांच्या खुर्चीशेजारची खुर्ची कोणी घेतली नाही. गर्दी होती, माणसं उभी होती, तरी नाही.

पुढे दोन महिन्यांनी त्या इथं आल्या, या दुकानात. भर दुपारी. घर बंद करून मारिविककडे सेबूला कायमच्या निघाल्या होत्या. माझ्यासाठी बिस्कोचो बिस्किटांचा डबा आणला होता. खूप खंगल्या होत्या, पण चेहरा शांत होता.

“तू म्हणालास ना सगळं बरोबर आहे, तेव्हापासून मी त्या खोलीत जाऊन बसते,” त्या म्हणाल्या. “खरं होतं तुझं. तिथं आता काहीच नाही रे, तोतो. मला कळतं. त्या घरात काहीच उरलेलं नाही.”

तेव्हा तरी मी सांगायला हवं होतं. तोंडही उघडलं. पण सांगून त्यांनी करायचं काय होतं? मी म्हणालो, “सांभाळून जा, मानांग.”

हे दार पाहताय ना, काचेचं. याची स्प्रिंग फार कडक आहे, सोडलं की धाडकन मिटतं. म्हातारं माणूस म्हणून मी पुढे होऊन दार उघडून धरलं. त्या बाहेर पडल्या, पायरी उतरल्या, छत्री उघडून चालू लागल्या. मी दार सोडलं नाही. का सोडलं नाही ते मला आजही सांगता येत नाही. मागून आणखी कोणी येत असलं की आपण धरून ठेवतो ना, तसा हात आपोआप धरून राहिला.

आणि मग त्या दाराचा भार माझ्या हातावरून उतरला. मागून येणारा माणूस दार आपल्या हातात घेतो तेव्हा उतरतो, तसा. मी हात काढून घेतला. दार तसंच उघडं राहिलं, एखादं पाऊल टाकायला लागतो तेवढा वेळ. मग सावकाश, आवाज न करता, मिटलं.