उन्हातला डबा

"डबा आजही उन्हातच आहे," इदिल कुजबुजली. "म्हटलं नव्हतं मी?"

काटेरी कुंपणाआड ती, तिचा मोठा भाऊ गूलेद आणि मावसभाऊ शिरे पालथे पडले होते. समोर जीपच्या तापलेल्या बॉनेटवर रक्ताच्या नळ्यांचा डबा होता. शेजारच्या तळावरच्या उंटांचं रक्त. गुरांचे डॉक्टर मुटुआ आणि अब्शीरमामा सावलीत चहा पीत बसले होते.

त्या काळी वजीर गावातल्या वसतिशाळेला सुट्टी लागली की मुलं थेट उंटांच्या तळावर यायची. या सुट्टीत मात्र अद्दो उंटीण वाळत चालली होती. इदिल जन्मली तेव्हा तिच्या नावाने राखलेल्या सांडणीची ही लेक. पोटात पिल्लू आणि अंगात ताप. काल डॉक्टरांनी चहापाणी उरकून मामाच्या सगळ्या उंटांचं रक्त तपासलं आणि सांगितलं, "परजीवी नाहीत. कळप ठणठणीत आहे." म्हणून मामा उद्या सगळे उंट दूरच्या विहिरींकडे हाकणार होता. ती वाट अद्दोला झेपणारी नव्हती.

"परजीवी जिवंत असले तरच वळवळताना दिसतात," शिरे म्हणाला. "त्या पत्र्यावर हात टेकवत नाही. नळीतलं काय जगणार?"

इदिल उठून मामासमोर उभी राहिली. "अद्दोचं रक्त पुन्हा तपासायला सांग."

"डॉक्टरांनी तपासलंय. जास्त कळतं कुणाला, त्यांना की सातवीतल्या पोरीला?"

"त्यांना. पण उंटीण माझी आहे."

"बरं बाई, चहा तरी होऊ दे."

इदिल वळून थेट कळपाकडे गेली. चहा संपवून डॉक्टर आपल्या तपासणीच्या तंबूकडे आले, तर दारातच अद्दो बसलेली. उजेडासाठी दाराशी मांडलेल्या सूक्ष्मदर्शकापासून तिचा कान हातभर अंतरावर होता.

"हे काय?"

"रक्त टेबलापर्यंत येईस्तोवर भाजतं," इदिल म्हणाली. "म्हणून उंटीणच टेबलापाशी आणली."

"उठव तिला."

"आधी एक थेंब घ्या. काही दिसलं नाही, तर उद्या मीच तिला हाकत नेईन."

गूलेद आणि शिरे दोर धरून उंटिणीच्या दोन्ही बाजूंना उभे राहिले. डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घालत अद्दोच्या कानाची शीर टोचली, थेंब काचेवर घेतला आणि डोळा लावला. बराच वेळ ते वाकलेलेच राहिले. मग बाजूला सरकून म्हणाले, "बघ."

गोल गोल रक्तपेशींमधून एक बारीक धागा तडफडत, धक्के देत चालला होता. पलीकडे आणखी एक.

"काल हे कुठे होते?" इदिलने विचारलं.

डॉक्टरांनी बॉनेटकडे पाहिलं. "मी चहा पीत होतो तेव्हा मेले. चूक माझी आहे, पोरी."

अद्दोला लगेच औषध टोचलं. उद्याचं निघणं रद्द झालं. उंट एकेक करून तंबूच्या दारात येऊ लागले आणि भर उन्हात दोर धरायला मामा उभा राहिला.

"तुझ्या नावाने उंटीण राखली, ते बरंच केलं आम्ही," तो घाम पुसत म्हणाला. "आता घोटभर चहा घेऊ का?"

"सगळे झाल्यावर," इदिल म्हणाली.